चिपाडापासून वीज: भारतातील सहवीजनिर्मिती आणि सरकारी अनुदानांचा इतिहास

ऊर्जेचा इतिहास शिकताना आपण बहुधा यंत्रांचा इतिहास शिकतो. वाफेचे इंजिन कोणी सुधारले, टर्बाइन कधी आले, पहिले वीजकेंद्र कुठे उभे राहिले, असे प्रश्न परीक्षेतही येतात. या टिपणात आपण वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. एखादे यंत्र उपलब्ध असूनही पन्नास-पन्नास वर्षे वापरात येत नाही आणि मग एका दशकात सगळीकडे दिसू लागते. असे का होते? याचे उत्तर पुष्कळदा कायद्यात आणि अनुदानाच्या नियमांत सापडते. भारतातील साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तुम्ही अभियांत्रिकीचे असा, अर्थशास्त्राचे असा किंवा इतिहासाचे, हे उदाहरण तुमच्या उपयोगाचे आहे.

१. आधी तत्त्व समजून घेऊ

साध्या औष्णिक वीजकेंद्रात इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग संघनकातून पाण्यात आणि हवेत जातो. ही चूक अभियंत्याची नाही, उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाची ती मर्यादा आहे. पण शेजारीच कोणाला उष्णता हवी असेल तर? टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ संघनकात न घालवता त्याच्या कामाला दिली, तर वीज आणि उष्णता मिळून इंधनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उपयोगात येऊ शकतो. एकाच इंधनातून वीज आणि उपयुक्त उष्णता अशी दोन्ही कामे साधणे म्हणजे सहवीजनिर्मिती.

कल्पना नवी नाही. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. तिथली वाफही आसपासच्या इमारतींना पुरवली जात असे. पुढे वीजकेंद्रे मोठी झाली, शहराबाहेर गेली आणि उष्णतेचे गिऱ्हाईक दूर राहिले. वीज तारेने शेकडो किलोमीटर नेता येते, वाफ तशी नेता येत नाही.

साखर कारखान्यात मात्र गिऱ्हाईक घरातच आहे. रस तापवायला, आटवायला आणि साखरेचे स्फटिक तयार करायला सतत कमी दाबाची वाफ लागते. इंधनही घरचेच, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस उरते. त्यात निम्मे पाणी असते, तरीही एक किलो बगॅसपासून सव्वादोन किलोच्या आसपास वाफ मिळते. म्हणजे १०० टन उसामागे ६० टनांहून अधिक वाफ. प्रक्रियेला लागते ४० ते ५० टन. शिल्लक उरतेच.

२. मग जुने कारखाने वीज का विकत नव्हते?

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढच्या तीन दशकांत महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. तमिळनाडू, उत्तर प्रदेश, कर्नाटक, आंध्र प्रदेश येथेही साखर उद्योग वाढला. या बहुतेक कारखान्यांत सुमारे २१ बार दाबाचे बॉयलर होते. ते स्वतःपुरती वीज करत आणि थांबत.

आज हे मागासलेपण वाटेल, पण त्या काळच्या परिस्थितीत तो शहाणा निर्णय होता. वीज विकत घेणारा एकच होता, राज्य वीज मंडळ, आणि कारखान्याची वीज घेण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. बगॅस साठवणे त्रासाचे. ते जागा खाते, कुजते, आग लागण्याची धास्ती असते. म्हणून बॉयलर असा निवडायचा, की हंगाम संपेपर्यंत बगॅस जवळजवळ संपून जाईल. कमी कार्यक्षम बॉयलर हीच सोय होती. इंधन वाचवून काय करायचे, हा प्रश्न ज्याला पडतच नाही त्याला कार्यक्षमता विकत घेण्याचे कारण नसते.

इथे एक हिशेब करून पाहा. २१ बार आणि ३४० अंश सेल्सिअसच्या वाफेऐवजी ८७ बार आणि ५१५ अंशांची वाफ केली, तर प्रत्येक किलो वाफेमागे इंधन फक्त १० ते १२ टक्के जास्त लागते. पण तीच वाफ टर्बाइनमधून अडीच बारपर्यंत उतरताना मिळणारे काम साधारण दुप्पट होते, आणि टर्बाइन आधुनिक असेल तर त्याहूनही अधिक. बाहेर पडणारी वाफ पूर्वीसारखीच रस आटवायला मिळते. वाफेचे तक्ते काढून हा हिशेब स्वतः करा. पुढच्या सगळ्या धोरणाचा पाया या दोन आकड्यांत आहे.

३. १९७८: अमेरिकेतील वळण

१९७३-७४ मध्ये तेलाच्या पिंपाची किंमत ३ डॉलरच्या आसपास होती ती १२ डॉलरच्या आसपास गेली. वाया जाणाऱ्या उष्णतेकडे सरकारांचे लक्ष तेव्हा गेले. डेन्मार्कने १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा केला आणि गावोगावच्या घरतापन जाळ्यांना वीजनिर्मितीशी जोडण्याचा मार्ग धरला. अमेरिकेत नोव्हेंबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी 'पर्पा' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली.

या कायद्यात सरकारने तिजोरीतून थेट पैसा दिला नाही. त्याने वीज कंपन्यांवर बंधन घातले, की पात्र सहवीज प्रकल्पाची वीज विकत घ्यावीच लागेल, आणि तीही 'टाळलेल्या खर्चा'च्या दराने. म्हणजे तेवढी वीज कंपनीने स्वतः केली असती किंवा दुसरीकडून घेतली असती तर जो खर्च आला असता, तोच दर. अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी धनादेश येतो. पण खात्रीचे गिऱ्हाईक मिळवून देणे हीही मदतच, आणि पुष्कळदा ती धनादेशापेक्षा मोठी ठरते.

पात्रता कोणाची, हा लगेचचा प्रश्न. फक्त नावापुरती थोडी वाफ शेजाऱ्याला देऊन वीजकेंद्र स्वतःला सहवीज म्हणवू लागले तर? म्हणून नियम झाला: एकूण उपयुक्त ऊर्जेत उष्णतेचा वाटा किमान ५ टक्के हवा, आणि तेल किंवा नैसर्गिक वायू जाळणाऱ्या प्रकल्पात वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा अर्धा भाग मिळून इंधनाच्या किमान ४२.५ टक्के भरला पाहिजे. उष्णता अर्धीच का मोजली? कारण कमी तापमानाची उष्णता आणि वीज यांची उपयुक्तता सारखी नाही. उष्मागतिकीचा विचार असा एका साध्या गुणकाच्या रूपाने कायद्यात उतरला. तरीही ५ टक्क्यांची अट इतकी सैल होती, की केवळ कायद्याचा लाभ घेण्यासाठी उभारलेले प्रकल्प निघालेच. २००५ च्या दुरुस्तीने उष्णतेचा वापर खरोखर उत्पादक असला पाहिजे, अशी अट कडक केली आणि स्पर्धात्मक बाजार असेल तिथे खरेदीचे बंधनही सैल केले.

४. भारतात: अनुदान कोणते आणि किती?

भारतात अपारंपरिक ऊर्जेसाठी १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, १९८७ मध्ये कर्ज देणारी 'इरेडा' आली आणि १९९२ मध्ये विभागाचे मंत्रालय झाले. १९९३ मध्ये एका कार्यगटाने साखर कारखान्यांत ३,५०० मेगावॅट अतिरिक्त विजेची शक्यता आहे असा अंदाज दिला. १९९४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या तीस वर्षांत जी मदत मिळाली तिचे चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार खरेदी दराचा. मंत्रालयाने राज्यांना शिफारस केली, की १९९४-९५ हे आधारवर्ष धरून युनिटला २ रुपये २५ पैसे द्यावेत आणि दरवर्षी ५ टक्के वाढ द्यावी. दहा वर्षांनी हा दर किती होतो, ते काढा: ३ रुपये ६६ पैसे. राज्यांना ही शिफारस बंधनकारक नव्हती. काहींनी ती स्वीकारली, काहींनी बदलली, काहींनी स्वीकारून मग मागे घेतली. आंध्र प्रदेशात नियामक आयोगाने २००४ मध्ये दराची पद्धत बदलली तेव्हा प्रकल्पधारक न्यायालयात गेले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर ठरवण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला आणि दर नव्याने ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवले. महाराष्ट्रात ऑगस्ट २००२ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने बगॅस प्रकल्पांसाठी स्वतंत्र दर ठरवला.

दुसरा प्रकार करसवलतीचा. अशा यंत्रसामग्रीवर आयकरात पहिल्याच वर्षी मोठा घसारा धरता येई. आधी १०० टक्के, २००२-०३ पासून ८० टक्के आणि २०१७ पासून ४० टक्के. पण हे साधन नफा असलेल्यालाच उपयोगी पडते. ज्याला कर भरायचा नाही, त्याला करसवलतीचा काय उपयोग? ऊस उत्पादकांना दर देऊन फारसा नफा न दाखवणाऱ्या सहकारी कारखान्याला या दारातून आत जाता येत नव्हते.

तिसरा प्रकार स्वस्त कर्जाचा. साखरेवर उपकर लावून १९८२ च्या कायद्याने साखर विकास निधी उभा केला होता. २००२ च्या दुरुस्तीनंतर त्यातून सहवीज प्रकल्पांना बँक दरापेक्षा २ टक्के कमी व्याजाने कर्ज मिळू लागले. हा पैसा शेवटी साखर खाणाऱ्याच्या खिशातून येत होता, हे लक्षात ठेवा. वस्तू व सेवा करात २०१७ मध्ये हा उपकर विरून गेला.

चौथा प्रकार थेट भांडवली अनुदानाचा, ज्याला लोक खरे अनुदान समजतात. अकराव्या योजनेच्या काळातील नियम पाहू. खासगी कारखान्याला मिळणारी रक्कम होती १५ लाख रुपये गुणिले ग्रिडला दिल्या जाणाऱ्या मेगावॅटचा ०.६४६ वा घात. सहकारी कारखान्याला मात्र अतिरिक्त विजेच्या प्रत्येक मेगावॅटला बॉयलरच्या दाबाप्रमाणे रक्कम होती: ४० बारला ४० लाख, ६० बारला ५० लाख, ८० बारला ६० लाख, आणि एका प्रकल्पाला जास्तीत जास्त ८ कोटी.

आता एक प्रकल्प घेऊ: एकूण क्षमता ३० मेगावॅट, ग्रिडला २० मेगावॅट. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००९-१० साठी धरलेला भांडवली खर्च मेगावॅटला ४ कोटी ४५ लाख होता. म्हणजे प्रकल्पाचा खर्च सुमारे १३३ कोटी. खासगी कारखान्याला सूत्राप्रमाणे मिळतात साधारण १ कोटी ४ लाख, खर्चाच्या एक टक्क्याहून कमी. ८० बारच्या सहकारी कारखान्याला मिळतात ८ कोटी, म्हणजे ६ टक्के. खासगी गुंतवणूकदार एक टक्क्यासाठी प्रकल्प उभारत नाही. तो खात्रीचा दर, घसारा आणि कर्ज पाहून उभारतो. सहकारी कारखान्याला घसारा मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी थेट रक्कम जास्त ठेवली होती.

आणखी एक बारकावा. सहकारी अनुदान दाबाशी बांधलेले होते. दाब जितका जास्त, तितकी त्याच वाफेतून जास्त वीज, हा दुसऱ्या भागातला हिशेब इथे नियमात आला. अशा अनुदानाने यंत्राची संख्याच वाढत नाही, यंत्राची निवडही बदलते. याला मी चांगल्या अनुदानाची खूण म्हणतो.

५. एका 'आणि'चा वाद

२००३ च्या वीज कायद्यात सहवीजनिर्मितीची व्याख्या अगदी रुंद आहे: विजेसह दोन किंवा अधिक उपयुक्त ऊर्जारूपे एकाच वेळी निर्माण करणारी प्रक्रिया. इंधनाचा उल्लेख नाही. कलम ८६(१)(ई) राज्य आयोगांना सांगते, की सहवीजनिर्मिती आणि अक्षय स्रोतांपासूनची वीज यांना उत्तेजन द्या, आणि अशा स्रोतांकडून किती टक्के वीज घ्यायची तेही ठरवा.

यात 'आणि'चा अर्थ काय? कोळशावर चालणारी सहवीजही या कलमात येते, की अक्षय इंधनाचीच? महाराष्ट्रातील सेंच्युरी रेयॉनच्या प्रकरणात वीज अपिलीय न्यायाधिकरणाने एप्रिल २०१० मध्ये म्हटले, की कलम दोन्हींना उत्तेजन देते, इंधन कोणतेही असो. म्हणून सहवीज करणाऱ्या उद्योगावर अक्षय ऊर्जा खरेदीचे बंधन लादता येणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये लॉइड्स मेटल्सच्या प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केले, की कोळशासारख्या इंधनावरील सहवीज ठरावीक टक्केवारीने विकत घेण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घालता येत नाही.

दोन्ही बाजूंना जोर आहे. कोळसाच जाळायचा असेल तर त्यातून दुप्पट काम घेणारा कारखाना देशाचा कोळसा वाचवतो, त्याला मदत का नको? पण त्याची वीज अक्षय विजेच्या वाट्यात मोजली तर सूर्य आणि वारा यांच्यासाठी राखलेली जागा कोळसा घेतो. प्रश्न शेवटी हा, की सरकारला बक्षीस कशाचे द्यायचे आहे: काटकसरीचे, की इंधनाच्या प्रकाराचे? कायद्याने दोन्ही शब्द शेजारी ठेवले आणि निवड पुढच्यांवर सोडली.

काटकसर मोजण्याचा मापदंड मात्र आपल्याकडेही आहे. केंद्रीय आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार हंगामात वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा अर्धा भाग मिळून वापरलेल्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक हवा. अर्धा गुणक ओळखीचा वाटला ना? समजा इंधन १००, वीज २०, उष्णता ५५. बेरीज ४७.५, प्रकल्प पात्र. इंधन १००, वीज ३०, उष्णता १० असेल तर बेरीज ३५, अपात्र. वीज जास्त असूनही दुसरा नापास होतो, कारण तो सहवीज नाही, छोटे औष्णिक केंद्रच आहे. पण 'हंगामात' हा शब्दही वाचा. गाळप साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालते. हंगाम संपल्यावर साखरेला वाफ लागत नाही. त्या काळात तोच प्रकल्प चालवला तर उष्णता संघनकातच जाते आणि मापदंड त्याला विचारत नाही.

६. यशाचे मोजमाप आणि उसाचा मालक

मार्च २०२४ अखेर बगॅस सहवीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे ९,४३३ मेगावॅट होती. १९९३ च्या ३,५०० शी तिची थेट तुलना करू नका. तो अंदाज अतिरिक्त विजेचा होता, ही एकूण क्षमता आहे, आणि मधल्या काळात ऊसही वाढला. तरीही कधीकाळी स्वतःपुरतीच वीज करणारा उद्योग ग्रिडचा पुरवठादार झाला, हे खरे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या अक्षय ऊर्जा धोरणातील १४,४०० मेगावॅटच्या उद्दिष्टात १,००० मेगावॅट बगॅससाठी होते.

मग परिस्थिती पालटली. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे सौर विजेची बोली युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरली. जिथे खरेदीदार फक्त युनिटचा दर पाहतो, तिथे बगॅसची वीज महाग दिसू लागली. २०१८ च्या केंद्रीय योजनेत बगॅस प्रकल्पाला मेगावॅटला २५ लाख होते. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात बगॅस वगळता इतर जैवभाराच्या सहवीजेला स्थान राहिले. मदत ज्या कामासाठी सुरू झाली ते झाले म्हणून ती थांबली, असे म्हणता येईल. पण ज्यांनी वीस वर्षांच्या दराच्या भरवशावर कर्ज काढले, त्यांना करार संपल्यावर कोणता दर मिळेल, हा प्रश्न उरतोच. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही ही वीज मिळते, तिची वेगळी किंमत करायची का, हाही.

शेवटी एक मुद्दा, जो अभियांत्रिकीच्या पुस्तकात येत नाही. बगॅस कोणाचे? शेतकरी ऊस विकतो, त्यात चिपाड आलेच. चिपाडाला मोल नव्हते तेव्हा कोणी विचारत नव्हते. धोरणाने त्याला मोल आले आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये सुचवले, की साखर आणि बगॅस, मळी यांसारख्या प्रमुख उपउत्पादनांच्या किमतीचा ७० टक्के वाटा, किंवा फक्त साखरेच्या किमतीचा ७५ टक्के वाटा, ऊस उत्पादकाला मिळावा. उपउत्पादनाला हिशेबात धरले पाहिजे, हे या शिफारशीने मान्य केले. सहकारी कारखान्यात शेतकरी सभासद असतो, म्हणून विजेचे उत्पन्न ऊसदरातून त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. पोहोचले की नाही, हे मेगावॅटच्या तक्त्यात दिसत नाही, ते कारखान्याच्या ताळेबंदात शोधावे लागते.

म्हणून कोणत्याही अनुदानाचा इतिहास वाचताना तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाच्या खिशातून आला? तो कशासाठी दिला: क्षमतेसाठी, युनिटसाठी की कार्यक्षमतेसाठी? आणि त्याने ज्या वस्तूला मोल आणले, त्या वस्तूचा मालक कोण होता?

अभ्यासासाठी प्रश्न

१. वाफेचे तक्ते वापरून २१ बार/३४० अंश आणि ८७ बार/५१५ अंश या दोन स्थितींतून अडीच बारपर्यंतची आदर्श ऊर्जाघट काढा. लागणारे इंधन किती टक्क्यांनी वाढते?

२. खासगी कारखान्यांच्या सूत्रात घातांक १ पेक्षा कमी का ठेवला असावा? १० आणि ३० मेगावॅटसाठी प्रति मेगावॅट रक्कम काढून उत्तर द्या.

३. हंगामाबाहेरील वीजनिर्मितीलाही ४५ टक्क्यांचा निकष लावावा का? साखर कारखाना, वितरण कंपनी आणि वीजग्राहक या तिघांच्या बाजूने प्रत्येकी एक परिच्छेद लिहा.

४. तुमच्या राज्यात उष्णता आणि वीज दोन्ही लागणारा एक उद्योग निवडा, उदाहरणार्थ कागद, भातगिरणी, कापड प्रक्रिया किंवा खत. तिथे सहवीजनिर्मिती कमी असेल, तर अडचण यंत्राची आहे की गिऱ्हाइकाची, याचा शोध घ्या.